चांद कमिटीचा अध्यक्ष

३ मार्च, सोमवार

आज जुन्या मशिदीत सर्वांनी मला चांद कमिटीचा अध्यक्ष केलं. गेल्या सालीही मीच होतो, पण तेव्हा नुसता होतो. यंदा ठराव झाला. मुकुटबनच्या शाळेत उभी हयात भूगोल शिकवला, अक्षांश-रेखांश पोरांच्या डोक्यात कोंबले, त्याचं चीज झालं. म्हणून ही डायरी सुरू केली. पुढं कोणी विचारलं की यंदा मुकुटबनात ईद कशी ठरली, तर लेखी असावं.

रमजानच्या चांदाचा काही वाद झाला नाही. शनिवारी तो चांगला वर होता म्हणे. मी गच्चीची शिडी चढेपर्यंत आमच्या मशिदीचे इमाम हाफिज इद्रीस यांनी लाउडस्पीकरवर जाहीरही करून टाकलं. नांदेडहून नवेच आलेत, तरुण आहेत, घाई आहे. ईदच्या चांदाला अशी घाई चालणार नाही, हे त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवली. म्हणजे हलवली असावी. मशिदीतले बल्ब हल्ली फार मंद लावतात.

७ मार्च, शुक्रवार

गेल्या सालचं लिहून ठेवायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल मी भांडखोर आहे.

गावात मशिदी दोन. आमची जुनी आणि रोडवरची नवी. नवीच्या कमिटीचा अध्यक्ष कय्यूम, ज्याचं ट्रकच्या टायरचं दुकान आहे. आम्ही दोघं एका पाटीवर शिकलो, एका विहिरीत पोहायला शिकलो. गेल्या साली एकोणतिसाव्या रोज्याला कय्यूम म्हणाला, मी दुकानाच्या छपरावरून चांद पाहिला. मी म्हणालो, मी तासभर पाहत होतो, चांद नव्हताच. नागपूरहून चांद दिसल्याचे फोन आले, हैदराबादहून आले. मी म्हणालो, नागपूरचं आकाश नागपूरला, मुकुटबनचं आकाश मुकुटबनला. कय्यूम चारचौघांत म्हणाला, "वहाब, तू नकाशात चांद शोधत असशील." मीही म्हणालो की तुला टायरची ट्यूब दिसली असेल. मग त्यांनी एका दिवशी ईद केली, आम्ही दुसऱ्या. तेव्हापासून बोलणं बंद.

मला त्याचं काही वाटत नाही. आज नमाजनंतर हाफिजसाहेबांनी मात्र सगळ्यांसमोर सांगितलं, "यंदा एका गावात दोन ईद झाल्या तर मी नांदेडला परत जाईन. दोन्ही मशिदींचा एकेक माणूस आपल्या डोळ्यांनी चांद पाहील, दोघं गवाही देतील, मग ईद. मंजूर?"

नव्या मशिदीनं मंजूर केलं. आम्हीही केलं. आमच्याकडून गवाह मी. त्यांच्याकडून अर्थातच तो.

११ मार्च, मंगळवार

तहसीनचा फोन. माझी मुलगी मलेशियात क्वालालंपूरच्या विद्यापीठात संशोधन करते, विषय चांद आणि इस्लामी कॅलेंडर. जगभरचे मुसलमान ईद कशी ठरवतात यावर तिचा प्रबंध आहे. तिनं सांगितलं की तुर्कस्तानात गणित करून आधीच तारखा छापतात, मोरोक्कोत डोळ्यांनीच पाहतात, दक्षिण आफ्रिकेत केपटाउनला लोक समुद्रकाठी जमून चांद बघतात, आणि इंग्लंडात एकाच गल्लीत दोन ईद होतात.

हे ऐकून मला फार बरं वाटलं. सुगराला (माझी बायको) म्हणालो, "पाहिलं? आमचं भांडण आंतरराष्ट्रीय दर्जाचं आहे."

सुगरा म्हणाली, "मग तिकडच्याच कोणाच्या घरी जाऊन बसा. इथं मला पीठ मळू द्या."

तहसीनला प्रबंधात मुकुटबन घ्यायचं आहे. माझी अर्धा तास मुलाखत घेतली. शेवटी विचारलं, "अब्बा, गेल्या साली तुम्ही स्वतः पाहिलं तेव्हा आकाशात दुसरं काय काय दिसत होतं?" विचित्र प्रश्न. मी म्हणालो, आकाश दिसत होतं.

१६ मार्च, रविवार

कळलं की तहसीननं कय्यूमचीही मुलाखत घेतली. दीड तास! एवढं काय सांगितलं असेल त्यानं? आयुष्यात दोनदा हैदराबाद आणि एकदा अजमेर पाहिलेला माणूस.

आज रोडवरून येताना कय्यूम दुकानापुढं उभा दिसला, काळा कुर्ता घालून. मनात आलं, रमजान आहे, मी मोठेपणा घ्यावा. थांबून चांगला मोठ्यानं सलाम केला. उत्तर नाही. हललासुद्धा नाही! दुसऱ्यांदा केला. मख्ख. घरी येऊन सुगराला रागानं सांगितलं. ती म्हणाली, "कय्यूमभाई परवापासून आदिलाबादला आहेत. दुकानापुढं टायर रचून ठेवलेत, वर कोणीतरी टोपी वाळत घातली आहे."

असो. सलाम वाया जात नाही.

२१ मार्च, शुक्रवार

पांढरकवड्याला जाऊन दुर्बीण आणली. माझा जुना विद्यार्थी राजकुमार तिकडे पर्यटकांना जंगलात वाघ दाखवायला नेतो, त्याची आहे. गच्चीवरून लावून पाहिली. सगळं दुधासारखं पांढुरकं. या दुर्बिणीतून लोकांना वाघ कसे दिसतात कोण जाणे. बहुतेक राजकुमार सांगतो आणि ते मान डोलावतात.

सुगरा हल्ली दुपारी घरात नसते. विचारलं तर म्हणते मेहराजकडे शिवायला जाते. मेहराज म्हणजे कय्यूमची बायको. मी म्हणालो, आमचं बोलणं बंद आहे हे लक्षात आहे ना? ती म्हणाली, "तुमचं बंद आहे. माझी मशीन तिच्याकडं आहे." मशीन तिच्याकडं कधी गेली, मला आठवत नाही.

२५ मार्च, मंगळवार

तहसीनचा मेसेज. तिचं गणित सांगतं की तीस तारखेच्या संध्याकाळी चांद आपल्याकडे सहज दिसावा, आकाश साफ असलं तर. मी लिहिलं, "गणित गणिताच्या जागी, गवाही डोळ्यांची." तिनं लिहिलं, "तेच तर, अब्बा. डोळे दाखवून घ्या ना एकदा वणीला." आजकालची मुलं. विषय चांदाचा, बोलणं भलतीकडे. मला काहीही झालेलं नाही. पेपरवाल्यांनी शाई फिकी केली आहे, एवढंच.

खरं लिहायचं तर एक शंका मनात येते. त्या दिवशी दोघांपैकी एकालाच चांद दिसला तर? हाफिजसाहेब जातील. गाव म्हणेल, दोन म्हाताऱ्यांनी इमाम घालवला. आणि कय्यूमशी बोलणं मग या जन्मी होणार नाही. म्हणजे मला त्याचं काही नाही. पण गावासाठी वाईट.

२८ मार्च, शुक्रवार

सुगरा आज सकाळीच ऑटोनं तांड्यावर गेली. म्हणे नंदाबाईकडचं गावरान तूप आणायचं होतं. तांडा आमच्या गावापासून पश्चिमेला, टेकडीवर. नंदाबाई आणि तिचा नवरा रामधन यांची तिथं तुरीची, कापसाची शेती. रामधन माझा विद्यार्थी, नकाशात गोदावरी नेहमी उलटी काढायचा. सुगरा दुपारी आली. तूप आणायला विसरली! एवढं लांब जाऊन! रोज्यात माणसाचं डोकं चालत नाही.

३० मार्च, रविवार. दुपार

आज एकोणतिसावा रोजा आणि आजच गुढीपाडवा. गल्लीत गुढ्या उभ्या आहेत. आखातात आजच ईद झाली, सुगराच्या भावानं दम्मामहून फोटो पाठवला, बिर्याणीचा. रोजेदाराला बिर्याणीचा फोटो पाठवणं कोणत्या शरीयतीत बसतं?

पश्चिमेला ढग आले आहेत. दुर्बीण तीनदा पुसली, धूळ फार आहे.

३१ मार्च, सोमवार

कालचं आधी लिहितो, आजचं मग.

रोजा मशिदीच्या गच्चीवरच खजुरानं सोडला, नमाज झाली, दुर्बीण लावली. खाली सगळी जुनी मशीद माना वर करून माझ्याकडं बघत होती, चांदाकडं कोणीच नाही. पश्चिमेला नुसता ढगांचा गठ्ठा. तेवढ्यात फोन वाजला. रामधन.

"गुरुजी, आमच्या टेकडीवरून चांद दिसून राह्यला ना जी! लवकर या, ढग सरकून राह्यले."

मी हाफिजसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "मला इथं लोकांना सांभाळावं लागेल. तुम्ही जा मास्तर, धावा."

धावत घरी आलो तर स्कूटीची चावी सापडेना. खुंटीवर नाही, खिशात नाही. सुगरानं सर्वांत जास्त शोधली, बिचारी. उशीसुद्धा झटकली. इतक्यात दारात हॉर्न. कय्यूमची पिकअप. त्याला म्हणे नंदाबाईचा फोन आला होता, त्याच वेळी. नंदाबाईकडं कय्यूमचा नंबर कसा, अल्लाह जाणे.

मी म्हणालो, "मी चालत जाईन."

सुगरा म्हणाली, "तांडा चालत गाठाल तोवर बकरीदचा चांद निघेल," आणि मला गाडीत ढकललं. अक्षरशः ढकललं.

गाडी निघाली. अध्यक्ष अध्यक्षाशी काय बोलणार? शेवटी मी काचेकडं बघून म्हणालो, "डावा दिवा बंद आहे."

"चालू आहे," कय्यूम काचेलाच म्हणाला.

टेकडीवर नंदाबाई पदर खोचून उभी. शेजारी रामधन, मागं अर्धा तांडा, पाडव्याचे नवे कपडे घालून.

"या जी गुरुजी! तो पाहा, थ्या पळसाच्या वर, दोन बोटं."

कय्यूमनं मान वर केली आणि तिथंच थांबला. "सुबहानल्लाह," म्हणाला. हात दुआसाठी उचलले.

मी पाहिलं. पळस दिसला, म्हणजे लालसर काहीतरी दिसलं. वर काही नाही. दुर्बीण लावली. दूध. दुर्बीण काढली. चष्मा पुसला. काही नाही.

"तिकडं नाही जी, तो मोबाइलचा टावर हाय," नंदाबाई म्हणाली.

मी मान फिरवली. काही नाही. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. इथं खरं लिहितो, कारण डायरी आहे. मनात आलं की 'दिसला' म्हणून टाकावं. एक शब्द. हाफिजसाहेब राहतील, गावात एक ईद होईल, कय्यूम... तोंड उघडलंही होतं. पण जीभच वळली नाही.

"मला दिसत नाही," मी म्हणालो.

"मी पाह्यला ना!" नंदाबाई म्हणाली. "माह्यावरून लिहून घ्या. माह्या डोयाले का झालं?"

मी तिला समजावलं की गवाही आमच्यातल्यांचीच लागते, तसा नियम आहे. तिनं कमरेवर हात ठेवले. "मंग तुमचा चांद येगळा अन् माह्या येगळा हाय का जी?" याचं उत्तर भूगोलात नाही. 

कय्यूम तापला. "हो म्हण ना बे वहाब! नंदाबाईले दिसते, रामधनले दिसते, तांड्यातल्या बकऱ्याइले दिसते. तुलेच काहून दिसत नाही?"

"गवाही आहे, कय्यूम. न पाहता पाहिलं म्हणू? तू म्हणशील?"

 तो अगदी जवळ येऊन माझ्याकडं बघत राहिला, डॉक्टर बघतो तसा. राग कुठं गेला कळलं नाही. ढगाचं टोक पळसापाशी आलं होतं. रामधन "गुरुजी, गुरुजी" करत होता, शाळेत लघवीला जायचं असलं की करायचा तसा.

कय्यूमनं माझा चष्मा ओढून काढला, आपला काढून माझ्या नाकावर बसवला आणि दोन्ही हातांनी माझं डोकं धरून फिरवलं, टायर बसवताना फिरवतो तसं. "आता पाह्य."

दिसला.

पितळी ताटाची कडा उन्हात चमकते तेवढाच, पण स्वच्छ. त्याच्या खाली पळसाची एकेक फांदी दिसत होती. तांड्यातली माणसं दिसत होती, त्यांच्या बटणांसकट. कय्यूमची दाढी किती पांढरी झाली आहे, हे वर्षभरात पहिल्यांदा दिसलं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्याचा नंबर फार जास्त आहे, त्यामुळं.

"दिसला बे," मी म्हणालो. लगेच ढगानं तो गिळला.

आता हाफिजसाहेबांना फोन करायचा. कय्यूमला चष्म्याशिवाय फोन दिसेना आणि मला त्याच्या चष्म्यातून जवळचं काहीच दिसेना. चष्मा परत द्यावा हे दोघांनाही सुचलं नाही. मी तोंडपाठ नंबर सांगितला, नंदाबाईनं दाबला. फोन उचलताच तीच म्हणाली, "हाफिजजी, चांद झाला. दोघाइले बी दिसला. नाही, भांडून नाही राह्यले."

मग मी घेतला आणि प्रामाणिकपणे सांगितलं की चष्मा दुसऱ्याचा होता, गवाही चालेल का.  पलीकडून हसू ऐकू आलं. "मास्तर, चांद तुम्ही पाहिला की चष्म्यानं?"

"मी."

"मग चष्मा कोणाचा हे शरीयत विचारत नाही. ईद मुबारक."

तांड्यावर नंदाबाईनं आम्हाला पुरणपोळी खाल्ल्याशिवाय सोडलं नाही. एकाच ताटात वाढली. ताटं कमी होती म्हणाली. मागं भिंतीला लावलेली ताटांची चळत मला दिसत होती, पण मी विषय काढला नाही. गरिबाला लाज वाटू नये.

आजचं. दोन्ही मशिदींची माणसं एका ईदगाहवर आली. सफ, म्हणजे नमाजाच्या रांगा, पुरेनात, मागच्यांनी शेतात गोणपाट टाकले. तहसीननं तिकडून व्हिडिओवर पाहिलं आणि रडली. म्हणाली प्रबंधाचं एक प्रकरण फुकट गेलं. मग एवढी आनंदानं का रडत होती? नंदाबाई आणि रामधन शीरखुर्मा प्यायला आले. नंदाबाई आणि सुगरा आणि मेहराज स्वयंपाकघरात अशा हसत होत्या की दोनदा जाऊन विचारलं काय झालं. काही नाही म्हणाल्या.

जाताना नंदाबाई म्हणाली, "पुढच्या साली बी पाहून ठेवू का जी, का तुमचे तुम्ही पाहान?"

मी म्हणालो, कमिटीत ठराव मांडतो.

५ एप्रिल, शनिवार

कय्यूम ऐकेचना. सकाळीच गाडी घेऊन आला आणि मला वणीला डोळ्यांच्या डॉक्टरकडं घेऊन गेला. मी म्हणालो, नुसता चष्म्याचा नंबर वाढलाय. डॉक्टर तरुण होती, यंत्रावर हनुवटी ठेवायला लावली, बराच वेळ पाहिलं.

"काका, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. त्यामुळं लांबचा नंबरही खूप वाढलाय."

"गेल्या आठवड्यात झाला असेल," मी म्हणालो. "रमजानात फार धूळ होती."

"छे हो. हे काही आठवड्याचं काम नाही. दोन-तीन वर्षं तरी झाली असतील. लांबचं बारीक काही तुम्हाला तेव्हापासूनच दिसत नसणार."

कय्यूम शेजारी बसला होता. मला वाटलं तो काहीतरी बोलेल, तोंडाळ माणूस आहे. पण त्यानं एकदम भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचायला घेतला, वरून खाली, मग खालून वर. ऑपरेशनची तारीख त्यानंच ठरवली, "बकरीदच्या आधी करा डॉक्टरबाई, यांले चांद पाहायचा असते," असं सांगून.

परत येताना एका टपरीवर चहाला थांबलो. डॉक्टरचं बोलणं डोक्यात घोळत होतं. दोन-तीन वर्षं.

"कय्यूम," मी म्हणालो, "म्हणजे गेल्या साली..."

"गेल्या साली ढग होते," कय्यूम म्हणाला आणि बशीत चहा ओतला. "लय ढग होते. कोणालेच काही दिसलं नसतं."

गेल्या साली त्या संध्याकाळी आकाश अगदी निरभ्र होतं. मला पक्कं आठवतं, एक ढग नव्हता. पण बिचाऱ्याची आता आठवण कच्ची होत चालली आहे. नुकताच समेट झालेल्या मित्राला टपरीवर चारचौघांत कशाला दुरुस्त करायचं? मी म्हणालो, "हो, फार ढग होते," आणि दुसरा चहा मागवला.